हत्यारबंद माणूस शाळेत शिरला तर: फाटकापासून वर्गाच्या कडीपर्यंतची तयारी

शाळेच्या सुरक्षेचा विषय निघाला की बैठकीत पहिला ठराव कॅमेऱ्यांचा होतो. कॅमेरे लागतात, उद्घाटनाचा फोटो निघतो, आणि सातवीच्या वर्गाची आतली कडी गेल्या जूनपासून निघालेली असते ती तशीच राहते. हत्यार घेऊन आलेल्या माणसापासून मुलं वाचतात ती बहुतेक वेळा या कडीमुळे.

कारण साधं आहे. असे हल्ले मिनिटांत उरकतात. फ्लोरिडातल्या पार्कलँडच्या शाळेत १४ फेब्रुवारी २०१८ रोजी १७ जणांचा जीव गेला, तो सगळा प्रकार सुमारे सहा मिनिटांचा होता. पोलिस कितीही तत्पर असले तरी त्या सहा मिनिटांत शाळा एकटीच असते. म्हणून प्रत्येक खर्चाला एकच प्रश्न विचारावा: यामुळे हल्लेखोर आणि मुलं यांच्यामध्ये किती सेकंदांची भर पडते?

आपल्याकडे धोक्याचं रूप थोडं वेगळं आहे. बंदुकीपेक्षा चाकू-कोयता जास्त सहज मिळतो आणि हल्लेखोर अनेकदा ओळखीचा असतो: विद्यार्थी, माजी विद्यार्थी, राग धरून बसलेला पालक किंवा कामावरून काढलेला माणूस. पण बंदुकीची शक्यता बाजूला ठेवता येत नाही. डिसेंबर २००७ मध्ये गुरुग्रामच्या शाळेत आठवीच्या मुलाचा खून झाला तो वर्गमित्राने घरून आणलेल्या वडिलांच्या पिस्तुलाने. एप्रिल २०२३ मध्ये पश्चिम बंगालच्या मालदा जिल्ह्यात एक माणूस पिस्तूल घेऊन भरलेल्या वर्गात शिरला. ३० ऑक्टोबर २०२५ रोजी पवईतल्या एका स्टुडिओत १७ मुलांना ओलीस ठेवलं गेलं. ती जागा शाळा नव्हती, पण क्लास, वसतिगृह, पाळणाघर चालवणाऱ्यांनी ‘हे शाळांपुरतं आहे’ असं समजू नये, एवढं त्यातून कळतं.

आधी पाहणी, मग खरेदी

पाहणी तीन वेळा करायची: शाळा भरताना, मधल्या सुट्टीत आणि शाळा सुटताना. एकाच वेळी केली तर हमखास चुकीचं चित्र मिळतं, कारण अकरा वाजता बंद दिसणारं मागचं फाटक साडेबाराला पोषण आहाराच्या टेम्पोसाठी उघडलेलं असतं. आवाराला बाहेरून पूर्ण फेरी मारा. भिंत सहा फुटांची असली तरी तिला टेकून वीजमीटरचा डबा, पाण्याची टाकी, झाड किंवा उभा राहिलेला ट्रक असेल तर ती तीन फुटांचीच धरायची. १६ डिसेंबर २०१४ रोजी पेशावरच्या आर्मी पब्लिक स्कूलमध्ये हल्लेखोर पुढच्या फाटकातून आले नाहीत, मागची भिंत चढून आले.

या फेरीतून एक नकाशा तयार करा. ए-३ कागदावर, मजल्यागणिक एक. त्यात दरवाजे, जिने, विजेचा मुख्य स्विच, गॅस सिलिंडरची जागा, पाण्याची टाकी आणि गच्चीची वाट दाखवा. खोल्यांना कायमचे क्रमांक द्या: पहिल्या मजल्यावर १०१, १०२, दुसऱ्यावर २०१, २०२. ‘७ वी अ’ ही खोलीची ओळख होऊ शकत नाही, कारण ती दर जूनला बदलते आणि बाहेरून आलेल्या पोलिसाला काहीच सांगत नाही. हेच क्रमांक दारावर आणि रस्त्याकडच्या खिडकीच्या वरच्या भिंतीवर फूटभर उंचीच्या आकड्यांत रंगवा. नकाशाची एक प्रत पोलिस ठाण्यात, एक फाटकावरच्या चौकीत, एक मुख्याध्यापकांकडे आणि एक शाळेबाहेर, एखाद्या विश्वस्ताच्या घरी. शाळेच्या भिंतीवर मात्र तो लावू नका.

फाटक

शाळा भरलेली असताना येण्याजाण्याची वाट एकच ठेवायची. मोठं फाटक बंद, त्यातला दिंडी दरवाजा वापरात, आणि त्याला आपोआप मिटणारी स्प्रिंग किंवा डोअर क्लोजर. जागा असेल तर आत चार-पाच मीटरवर दुसरं लोखंडी दार करा आणि पाहुण्याला या दोहोंमध्ये थांबवा. चौकीची खिडकी तिथेच उघडावी. ज्याला भेटायचं आहे त्याने इंटरकॉमवर ‘पाठवा’ म्हटल्याशिवाय आतलं दार उघडायचं नाही, मग तो माणूस पाच वर्षं रोज येणारा असला तरी. पासावर तारीख आणि ठळक रंग हवा आणि आवारात पास न दिसणाऱ्या मोठ्या माणसाला कुणीही, अगदी शिपाईमामांनीही, ‘आपण कुणाकडे आलात?’ असं विचारायचं. जपानमध्ये ओसाकाच्या इकेदा प्राथमिक शाळेत ८ जून २००१ रोजी चाकूधारी माणूस उघड्या फाटकातून आत गेला. वाटेत एका शिक्षकाने त्याला पाहिलं, पण पालक असेल असं वाटून सोडून दिलं. आठ मुलं मारली गेली.

सर्वांत कच्ची वेळ शाळा सुटण्याची. पार्कलँडलाही सुटण्याच्या तयारीत फाटक उघडलं गेलं होतं आणि तिथे कुणी उभं नव्हतं. म्हणून नियम असा: फाटक उघडणारा माणूस ते बंद होईपर्यंत जागा सोडत नाही. भरताना आणि सुटताना किमान दोन रक्षक, शिवाय आतल्या बाजूला दोन शिक्षक. रिक्षावाले काका आणि व्हॅनचालकांची फोटोसह यादी चौकीत हवी आणि त्यांनी गाडी फाटकाला चिकटवून लावू नये. ती तिथे असेल तर संकटात फाटक बंदच होत नाही, आणि नंतर रुग्णवाहिका आत येत नाही.

रक्षक परवानाधारक संस्थेचा किंवा सुरक्षा रक्षक मंडळाकडचा घ्यावा. खासगी सुरक्षा संस्थांच्या कायद्याखालील नमुना नियमांत नव्या रक्षकाला १०० तासांचं वर्गातलं आणि ६० तासांचं प्रत्यक्ष प्रशिक्षण सांगितलं आहे. ते झाल्याचं प्रमाणपत्र मागून घ्या. त्याचं काम हल्लेखोराशी झुंजणं नाही. फाटक लावणं आणि इशारा देणं, ही दोनच कामं त्याला झोपेतही आठवली पाहिजेत. त्याला चहा आणायला, बँकेत भरणा करायला किंवा विश्वस्तांची गाडी पुसायला पाठवणाऱ्या शाळेने रक्षक ठेवला आहे असं म्हणता येत नाही.

मेटल डिटेक्टरबद्दल पालक आग्रह धरतात. गणित करून बघा. १,२०० मुलं, हातातल्या यंत्राने प्रत्येकी १० सेकंद, म्हणजे १२,००० सेकंद. सहा माणसं लावली तरी ३३ मिनिटं लागतात, आणि तेवढा वेळ शेकडो मुलं फाटकाबाहेर रस्त्यावर रांगेत उभी. कंपासपेटी, डबा, छत्री यांमुळे यंत्र सतत वाजतं आणि आठवड्याभरात तपासणारा ऐकणं सोडून देतो. संशय असेल तेव्हा वापरायला एक यंत्र चौकीत असावं. रोजच्या रांगेसाठी नको.

कॅमेरे हवेतच. बदलापूरच्या प्रकरणानंतर ऑगस्ट २०२४ मध्ये राज्य शासनाने शाळांना ते बसवायला सांगितलं आणि बालसुरक्षेसाठी त्यांचा उपयोग वेगळा आहे. हल्ल्याच्या वेळी ते काही थांबवत नाहीत. एक पडदा चौकीत असेल, चित्रण साठवणारा डबा कार्यालयात न ठेवता वेगळ्या कुलूपबंद खोलीत असेल आणि वीज गेल्यावरही चालेल, तरच पोलिसांना त्यांची मदत होते.

इशारा: कोण देणार, कोणत्या शब्दांत

इथे बहुतेक योजना फसतात, आणि फसण्याचं कारण यंत्र नसून अधिकार असतं. ‘आधी मोठ्या सरांना विचारू’ या वाक्यात एक मिनिट जातं. पार्कलँडमध्ये सगळ्यांना दार बंद करायला सांगणारी घोषणा वेळेत झालीच नाही. म्हणून लेखी आदेश काढा: धोका प्रत्यक्ष पाहणारा कुणीही, शिपाई, माळी, शिकाऊ शिक्षिका, इशारा देऊ शकतो. इशारा चुकीचा ठरला तरी त्याला कारणे दाखवा नोटीस मिळणार नाही.

इशारे दोनच ठेवा, आणि साध्या मराठीत. सांकेतिक शब्द बदली शिक्षकाला आणि पाहुण्याला कळत नाहीत.

‘गेट बंद’ म्हणजे धोका बाहेर आहे. रस्त्यावर हाणामारी, जवळपास पळणारा गुन्हेगार. मैदानावरची मुलं आत येतात, बाहेरची दारं लागतात, आत तास चालू राहतात.

‘वर्ग बंद’ म्हणजे धोका आवारात आहे. घोषणा अशी: ‘वर्ग बंद! वर्ग बंद! हत्यार घेतलेला माणूस तळमजल्यावर, कार्यालयाजवळ.’ जागा सांगायचीच, कारण त्यावरून दुसऱ्या टोकाच्या लोकांना पळता येईल की नाही ते ठरतं.

ध्वनिक्षेपकाचा माइक फक्त मुख्याध्यापकांच्या खोलीत असतो, आणि तक्रार घेऊन आलेला माणूस आधी तिथेच जातो. दुसरा माइक फाटकावर किंवा वरच्या मजल्यावर हवा, आणि अँप्लिफायरला यूपीएस. मैदान, स्वच्छतागृह, प्रयोगशाळा आणि स्वयंपाकघर इथे आवाज पोचतो का ते उभं राहून ऐका. वीज नसेल तर टोल: शाळेच्या रोजच्या आणि आगीच्या टोलांपेक्षा वेगळी लय ठरवा. व्हॉट्सअॅप ग्रुपला इशारायंत्रणा समजू नका. तासाला फोन बंद असतात, आणि असायलाच हवेत. चौकी, कार्यालय, मैदान आणि वरचा मजला यांना एकेक वॉकीटॉकी पुरतो. तो परवान्याची गरज नसलेल्या ४४६ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातला आणि मान्यताप्राप्त असल्याची खात्री करून घ्या.

११२ ला फोन करण्याचं काम दोन नावांवर लिहून ठेवा. सांगण्याचा क्रम: शाळेचं नाव, जवळची खूण, कोणता मजला व खोली क्रमांक, किती माणसं, हातात काय आहे, कुणी जखमी आहे का. समोरून सांगेपर्यंत फोन ठेवायचा नाही.

आगीच्या घंटेबद्दल एक गोष्ट पक्की करा. पार्कलँडमध्ये गोळीबाराच्या धुरळ्याने आगीची घंटा वाजली आणि वरच्या मजल्यावरची मुलं व्हरांड्यात आली. ‘वर्ग बंद’ चालू असताना घंटा वाजली तर धूर किंवा ज्वाळा स्वतः दिसल्याशिवाय दार उघडायचं नाही.

वर्गाचं दार

अमेरिकेतल्या सँडी हूक शाळेवरच्या १४ डिसेंबर २०१२ च्या हल्ल्यानंतर नेमलेल्या आयोगाने नोंदवलं की आतून कुलूप लावलेलं वर्गाचं दार तोडून हल्लेखोर आत शिरल्याची एकही घटना त्यांच्यासमोर आली नाही. त्या शाळेतल्या वर्गांना कुलूप लावायचं तर किल्ली घेऊन बाहेर यावं लागत होतं. २०२२ मध्ये टेक्ससच्या युवाल्डीत, जिथे १९ मुलं आणि दोन शिक्षिका गेल्या, बाहेरचं दार ओढून घेतलं तरी त्याला कुलूप लागलं नाही, आणि एका वर्गाचं कुलूप नीट लागत नाही हे शाळेत आधीपासून माहीत होतं.

आपल्या वर्गांची अडचण आणखी वेगळी आहे. बहुतेक दारांना बाहेरून अल्ड्रॉप, म्हणजे कुलूप लावायची मोठी सरकती कडी, असतो आणि आतून एक ढिली टॉवर बोल्ट, म्हणजे दांड्याची छोटी कडी, तीही चौकटीच्या वरच्या टोकाला. म्हणजे बाहेरचा माणूस मुलांना कोंडू शकतो आणि आतला माणूस त्याला अडवू शकत नाही. नेमकं उलट व्हायला हवं.

उत्तम उपाय म्हणजे मॉर्टिस लॉक: आत अंगठ्याने फिरवायची मूठ, बाहेर किल्लीचं भोक. एका हालचालीत बंद, एका हालचालीत उघड. बाहेरून उघडणाऱ्या किल्ल्या मुख्याध्यापक, पर्यवेक्षक आणि चौकीकडेच. ही बाहेरची किल्ली टाळू नका, कारण आतून लागणारं दार कुणी मुलांना त्रास देण्यासाठीही वापरू शकतो. तेवढा खर्च झेपत नसेल तर निदान एवढं करा:

१. जाड दांड्याची, दहा-बारा इंची टॉवर बोल्ट शिक्षकाच्या छातीच्या उंचीवर, आडवी बसवा. दांडा चौकटीत किमान एक इंच जाऊ द्या.
२. स्क्रू दोन इंची. बोल्ट मजबूत आणि स्क्रू अर्ध्या इंचाचे असले की पहिल्या लाथेत सगळं बाहेर येतं; दार सहसा तुटत नाही, स्क्रू उपटले जातात.
३. बाहेरचा अल्ड्रॉप शाळेच्या वेळेत मागे सरकवून, उघड्या स्थितीत कुलूप लावून अडकवून ठेवा, म्हणजे तो कुणाला लावता येणार नाही.
४. दाराच्या बिजागऱ्या बाहेरच्या बाजूला असतील तर त्यांची पिन वेल्ड करा.

दारात बघण्यासाठी काच हवीच, पण अरुंद, हाताच्या पंजाएवढी, आणि बोल्टपासून हाताच्या लांबीहून दूर. नाहीतर काच फोडून हात आत घालून कडी काढता येते. काचेवर २०० मायक्रॉनची सुरक्षा फिल्म लावा. ती गोळी अडवत नाही, फुटलेली काच जागेवर धरून ठेवते, आणि तीही कडा सिलिकॉनने चौकटीला चिकटवल्या असतील तरच. आतून गुंडाळून ठेवलेला कापडी पडदा असावा, एका झटक्यात खाली पडेल असा.

सुटकेची वाट विसरून कुलूप लावणं हा दुसरा गुन्हा. १६ जुलै २००४ रोजी कुंभकोणमच्या शाळेतल्या आगीत ९४ मुलं गेली. म्हणून बाहेर पडण्याच्या दारांना साखळी-कुलूप कधीही नको. आतून ढकललं की उघडेल आणि बाहेरून उघडणार नाही अशी दांडीची कडी लावा. तळमजल्याच्या खिडक्यांना गज असतील तर प्रत्येक खोलीत एक गजाळं आतून उघडणारं करा. सभागृहाला वेगवेगळ्या बाजूंना निदान दोन वाटा हव्यात. पेशावरमध्ये बरीच मुलं सभागृहात एकत्र होती.

यानंतर आडोशाचा कोपरा. एकाने दाराबाहेर काचेशी आणि व्हरांड्याच्या खिडकीशी उभं राहायचं, दुसऱ्याने आत खडू घेऊन चालायचं. जिथे तो दिसेनासा होतो तिथे रेघ. ती नंतर रंगाने पक्की करा. खाली बसलेल्या एका मुलाला साधारण पाव चौरस मीटर लागतो, म्हणजे साठ मुलांना पंधरा. हा कोपरा नेहमी कपाट आणि जुन्या बाकांनी भरलेला असतो, ते हलवा. व्हरांड्याच्या बुटक्या खिडक्यांमुळे पुरेसा कोपराच मिळत नसेल, तर त्या खिडक्यांना आतून लाकडी झडपा लावा. नऊ इंची विटेची भिंत आडोसा आणि संरक्षण दोन्ही देते. साडेचार इंची भिंतीवर बंदुकीपुढे भरवसा ठेवू नका, आणि प्लायवूडचं पार्टिशन फक्त लपवतं. दोन तुकड्यांमध्ये पार्टिशन असलेले वर्ग शक्यतो मोठ्या मुलांना द्या, जी पळू शकतात.

दर सोमवारी पहिल्या तासाला प्रत्येक शिक्षकाने कडी लावून-काढून वहीत सही करायची. बिघाड चोवीस तासांत दुरुस्त, तोवर तो वर्ग दुसऱ्या खोलीत.

‘वर्ग बंद’ झाल्यावर

शिक्षक दाराबाहेर एकदा डावी-उजवीकडे बघतो, जवळची मुलं, कुणाच्याही तुकडीची असोत, आत ओढतो, कडी लावतो. पडदा, दिवे, मग कोपरा. फोन पूर्ण बंद आवाजात. बाकावरचा व्हायब्रेट शांत खोलीत बाहेर ऐकू येतो. दारावर कुणी थाप मारली, ‘पोलिस आहे, उघडा’ म्हटलं, आतल्या मुलाचं नाव घेतलं, तरी उघडायचं नाही. सुटका करणारा बाहेरच्या किल्लीने उघडेल, हे मुलांनाही आधी सांगितलेलं असावं.

मैदानावरच्या मुलांनी इमारतीकडे धावू नये. ज्या फाटकाकडे आवाज नाही तिकडून बाहेर, आणि ठरलेल्या जागी. स्वच्छतागृहात असलेल्याने जवळच्या कडी असलेल्या खोलीत शिरावं. दार फुटलंच आणि पळायला वाट नसेल, तरच मोठ्यांनी अंगावर जायचं, तेही दोघा-तिघांनी मिळून, अग्निशामक नळकांडी किंवा खुर्ची घेऊन. जपानच्या शाळांत चाकूवाल्याला दूर रोखायला दुबेळक्याची लांब काठी ठेवतात. चाकू-कोयत्यापुढे ती कामाची आहे, बंदुकीपुढे नाही. मालदात पिस्तुलवाल्याला पकडलं ते प्रशिक्षित पोलिस अधिकाऱ्याने. शिक्षकांकडून ती अपेक्षा ठेवू नये.

सराव

खोटे गोळीबार, रक्ताचा रंग, न सांगता केलेलं नाट्य, यातलं काहीही नको. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०२० मध्ये अशा भीतीदायक सरावांविरुद्ध स्पष्ट भूमिका घेतली आहे. आधी फक्त कर्मचारी, मुलांशिवाय. मग एक मजला. मग सगळी शाळा, आदल्या दिवशी पालकांना कळवून. लहानांना सांगायचं ते एवढंच: ‘बाई म्हणाल्या की गुपचूप कोपऱ्यात बसायचं.’ चौथा सराव मधल्या सुट्टीत घ्या. योजनेचं खरं रूप तिथे दिसतं. घोषणेपासून शेवटची कडी लागेपर्यंतचा वेळ घड्याळावर मोजा. एक मिनिटाच्या आत यायला हवा. येत नसेल तर कारण जवळजवळ नेहमी यांपैकी एक असतं: घोषणा मैदानावर ऐकू आली नाही, बदली शिक्षकाला काही माहीत नव्हतं, किंवा दार पावसाळ्यात फुगून बसत नाही.

रक्तस्राव

खोल जखमेतून काही मिनिटांत जीव जाऊ शकतो आणि १०८ ला आत यायला पोलिसांची परवानगी मिळेपर्यंत थांबावं लागतं. प्रत्येक मजल्यावर एक पिशवी ठेवा: दोन टूर्निके (रक्त थांबवायला हात-पायावर आवळायचे पट्टे), सहा इंची दाबपट्ट्या चार, गॉजच्या गुंडाळ्या सहा, हातमोज्यांचे चार जोड, कात्री, मार्कर. हात-पायातून उसळून रक्त येत असेल तर जखमेच्या दोन-तीन इंच वर, सांधा टाळून टूर्निके बांधा, रक्त थांबेपर्यंत पिळा, वेळ लिहा, आणि डॉक्टरांशिवाय सोडू नका. तो फार दुखतो. दुखतो म्हणून सैल करणं ही नेहमीची चूक. काख, जांघ, मानेच्या बुडाशी गॉज कोंबून दोन्ही हातांनी सतत दाबून धरा, मधेमधे उचलून बघू नका. छाती-पोटात गॉज कोंबायचं नाही.

हल्ल्याच्या आधीचे दिवस

सर्वांत स्वस्त उपाय इथे आहे. अमेरिकेच्या सिक्रेट सर्व्हिसने २००२ मध्ये शाळांवरच्या हल्ल्यांच्या ३७ घटनांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ८१ टक्के घटनांत हल्ल्याची कल्पना आधी निदान एका माणसाला होती, बहुतेकदा मित्राला. मुलं बोलत नाहीत कारण ‘चुगलखोर’ ठरण्याची भीती असते आणि सांगितलं की शाळा पहिली टीसी हातात देते. मुख्याध्यापक, समुपदेशक, एक जुने शिक्षक आणि वर्गशिक्षक यांनी आठवड्यातून अर्धा तास बसून नोंदी बघाव्यात: धमकीची पोस्ट, दप्तरातला चाकू, दीर्घ छळ, अचानक तुटलेपण. घरी परवान्याची बंदूक आहे का, हे पालकांना सरळ विचारावं. आणि मुलाला काढून टाकून प्रश्न मिटला असं धरू नये. पार्कलँडचा हल्लेखोर त्याच शाळेचा माजी विद्यार्थी होता. प्रत्यक्ष धमकी असेल तर त्याच दिवशी पोलिसांना कळवा, ‘संस्थेचं नाव’ नंतर बघता येईल.

मुलं परत देणं

बातमी फुटताच पालक फाटकावर धडकतात आणि गल्ली तुंबते. म्हणून तीनशे-चारशे मीटरवरचं मंगल कार्यालय किंवा दुसरी शाळा आधीच ठरवून, मालकाचं लेखी पत्र घेऊन ठेवा. पालकांना जूनच्या सभेतच सांगा की मुलं तिथेच मिळतील. तिथे दोन दारं: एकातून पालक ओळखपत्र दाखवून आत, दुसऱ्यातून मूल घेऊन बाहेर, मधे सही. हजेरीची छापील यादी रोज दुसऱ्या तासाला एक प्रत चौकीत जावी. संगणकातली यादी त्या दिवशी कुणालाही उघडता येत नाही.